निरीक्षकाच्या नोंदींतून बायकॅच खरोखर कमी व्हावा, यासाठी काय आणि कसे नोंदवावे?

मत्स्यशास्त्राची पदवी घेऊन लांब दोराने ट्यूना पकडणाऱ्या जहाजांवर निरीक्षक म्हणून जाऊ पाहणाऱ्या एका तरुणाने विचारले आहे, की निरीक्षकांचे तक्ते वर्षानुवर्षे भरले जात असूनही बायकॅच, म्हणजे पकडायचे नसताना गळाला लागणारे कासव, मुशी, समुद्रपक्षी यांसारखे प्राणी, मरायचे थांबलेले नाहीत. मग या नोंदींत नेमके काय कमी पडते, आणि ती उणीव निरीक्षकाने कशी भरून काढावी? मी पश्चिम व मध्य प्रशांत महासागरातील ट्यूना जहाजांवर निरीक्षक म्हणून आणि पुढे परतलेल्या निरीक्षकांच्या नोंदी तपासण्याचे काम केले आहे. त्यामुळे हे उत्तर मुख्यतः तिथल्या अनुभवावर उभे आहे. हिंदी महासागर आणि आपला किनारा यांचा संबंध शेवटी येईल.

बहुतेक नोंदींत प्राणी मोजलेला असतो, पण तो ज्या दोराला लागला त्या दोराची माहिती अपुरी असते. 'सेट क्रमांक 7, ऑलिव्ह रिडले कासव, 1, मृत' ही नोंद प्रामाणिक आहे, पण तिच्यावरून मासेमारीच्या पद्धतीत कोणता बदल करावा हे कोणालाही सांगता येणार नाही. ते कासव बोयालगतच्या (दोर तरंगत ठेवणाऱ्या गोळ्याजवळच्या) पहिल्या गळाला लागले की मधल्या खोल गळाला, गळ कोणत्या आकाराचा होता, आमिष माकूळ होते की मासा, आणि त्याच सेटमधल्या, म्हणजे दोर टाकून ओढण्याच्या त्याच खेपेतल्या, बाकीच्या गळांपैकी किती गळ निरीक्षकाने वर येताना प्रत्यक्ष पाहिले, हे कळले तरच त्या मृत्यूच्या कारणापर्यंत पोहोचता येते. बायकॅच कमी करणारे जे उपाय टिकले ते सगळे तुलनेतून निघाले आहेत, आणि तुलनेसाठी ज्या गळांना काहीच लागले नाही त्यांची माहितीही तितक्याच काटेकोरपणे लागते.

पुढचे नीट समजावे म्हणून दोराची रचना आधी सांगतो. पन्नास किंवा त्याहून अधिक किलोमीटर लांबीचा नायलॉनचा मुख्य दोर जहाजाच्या मागच्या बाजूने समुद्रात सोडला जातो. ठरावीक अंतरावर त्याला बोया बांधलेला असतो, आणि दोन बोयांच्या मधल्या झोळीत पाचपासून तीस-चाळीसपर्यंत उपदोर लटकतात. प्रत्येक उपदोराच्या टोकाला एक गळ आणि त्यावर आमिष असते. या दोन बोयांमधल्या भागाला बास्केट म्हणतात. दोर सोडायला पाच-सहा तास लागतात, तो काही तास पाण्यात राहतो, आणि ओढून घ्यायला दहा-बारा तास किंवा त्याहूनही अधिक वेळ लागतो. एकदा दोर टाकून ओढून घेतला की एक सेट पूर्ण झाला. झोळीचा मधला भाग सर्वांत खोल असतो आणि बोयाजवळचे गळ सर्वांत उथळ असतात. बायकॅचचे निम्मे कोडे या भूमितीतच आहे.

म्हणूनच प्रत्येक प्राण्यापुढे, मग तो विकला जाणारा ट्यूना असो वा सोडून दिलेले कासव, बोयापासून मोजलेला गळाचा क्रमांक लिहिणे हे मी पहिले कर्तव्य मानतो. बोया वर आला की मोजणी पुन्हा एकपासून सुरू करायची, इतकी ती पद्धत साधी आहे. प्रत्यक्षात मात्र रात्रीच्या ओढणीत तासन्‌तास ही मोजणी टिकवणे कठीण जाते, म्हणून अंगठ्याने दाबायचे मोजणीयंत्र हातात ठेवावे, आणि क्रमांक चुकला असे वाटले तर अंदाजाने भरू नये. तिथे 'माहीत नाही' असा संकेत द्यावा. या एका रकान्याचे मोल अमेरिकन सामोआच्या उदाहरणावरून कळते. तिथल्या अल्बाकोर ट्यूना जहाजांच्या दोराला हिरवी कासवे लागत असत, आणि ती पृष्ठभागाजवळच्या पाण्यातली. 2011 मध्ये तिथे नियम आला, की मोठ्या बोटींनी सगळे गळ 100 मीटरपेक्षा खोल राहतील अशा रीतीने दोर लावावा. त्यासाठी बोयाचा दोर किमान 30 मीटर, दोन बोयांमध्ये किमान 15 उपदोर आणि बोयापासून पहिल्या उपदोरापर्यंत मुख्य दोराचा किमान 70 मीटर भाग मोकळा ठेवणे बंधनकारक झाले. म्हणजे उथळ गळ काढून टाकले, मासेमारी चालू राहिली. कोणता प्राणी कितव्या गळाला लागतो याच्या नोंदी नसतील, तर असा नियम सुचवायला आणि तो योग्य ठरला की नाही हे तपासायला आधारच उरत नाही.

गळाचा क्रमांक म्हणजे खोली नव्हे, हेही लक्षात ठेवावे. दोराच्या लांबीवरून काढलेली खोली आणि प्रत्यक्ष खोली यांत बराच फरक पडतो, कारण प्रवाह दोर वर उचलतो. म्हणून जहाजाचा वेग, दोर सोडणाऱ्या यंत्राचा वेग, दोन उपदोरांमधला सेकंदांतला अवकाश (बहुतेक जहाजांवर त्यासाठी घंटी वाजते), बोयाच्या दोराची लांबी आणि उपदोराची लांबी, हे पाचही आकडे प्रत्येक सेटला घ्यावेत. दोर सोडण्याचा वेग जहाजाच्या वेगापेक्षा जितका जास्त, तितकी झोळी खोल जाते. अनेक निरीक्षक हे आकडे पहिल्या सेटला मोजतात आणि पुढच्या सगळ्या सेटना तेच उतरवतात. कप्तान मात्र मासळी मिळेना की याच गोष्टी बदलतो, आणि नेमका तोच बदल विश्लेषकाला हवा असतो. शक्य असेल तिथे दोन-तीन बास्केटच्या मध्यभागी आणि पहिल्या गळाजवळ खोली-नोंदणारी छोटी उपकरणे बांधावीत. ती आता फार महाग राहिलेली नाहीत, आणि पन्नास अंदाजांपेक्षा त्यांच्या थोड्या नोंदी अधिक उपयोगी पडतात.

गळाच्या बाबतीत 'वर्तुळाकार' किंवा 'जे आकाराचा' एवढे लिहून थांबू नये. उत्पादकांच्या आकार-क्रमांकांत एकवाक्यता नाही. दोन कंपन्यांचे एकाच क्रमांकाचे गळ रुंदीने वेगळे असू शकतात. गळाची कमीत कमी रुंदी आणि तारेची जाडी मिलिमीटरमध्ये मोजावी, टोक दांड्याच्या पातळीतून किती अंशांनी वळलेले आहे ते पाहावे, आणि फूटपट्टी शेजारी ठेवून प्रत्येक प्रकाराचे छायाचित्र घ्यावे. एकाच जहाजावर तीन प्रकारचे गळ मिसळलेले असणे ही नेहमीची गोष्ट आहे. तशा वेळी प्रत्येकाचे साधारण प्रमाण, आणि संवेदनशील प्राणी लागला असेल तर नेमक्या त्याच गळाचा प्रकार नोंदवावा. आमिषाचेही तसेच: जात, लांबी, अर्धे गोठलेले की पूर्ण वितळलेले, आणि गळ त्यात एकदाच टोचला आहे की ओवला आहे. कासव मासा कुरतडत खाते, माकूळ मात्र चिवट असल्यामुळे गळासकट गिळण्याकडे त्याचा कल असतो. त्यामुळे आमिष बदलले की गळ कुठे अडकतो हेही बदलते.

हवाईच्या तलवार माशाच्या मासेमारीचा दाखला इथे द्यायलाच हवा. कासवांच्या प्रश्नावरून न्यायालयीन वादानंतर ती उथळ मासेमारी 2001 मध्ये बंद झाली. 2004 मध्ये ती पुन्हा सुरू करताना 18/0 आकाराचे, 10 अंश वळणाचे वर्तुळाकार गळ आणि माकुळाऐवजी बांगड्याच्या कुळातल्या माशाचे आमिष बंधनकारक झाले, प्रत्येक फेरीवर निरीक्षक आला, आणि वर्षभरात 17 लॉगरहेड किंवा 16 लेदरबॅक कासवांचा गळाशी संबंध आला की हंगाम बंद, अशी मर्यादा ठरली. 2006 च्या मार्चमध्ये लॉगरहेडची मर्यादा गाठली गेली आणि उरलेल्या वर्षासाठी ती मासेमारी खरोखरच थांबली. आधीच्या आणि नंतरच्या नोंदींची तुलना केली तेव्हा कासवे लागण्याचे प्रमाण सुमारे 89 टक्क्यांनी घटल्याचे दिसले. शिवाय गळ गिळलेल्या कासवांचा वाटाही स्पष्टपणे कमी झाला, आणि ते कळले कारण निरीक्षकांनी गळ कुठे अडकला आहे हे आधीपासून लिहून ठेवले होते. नियम, मर्यादा आणि नोंद ही तिन्ही एकमेकांवर टेकलेली होती.

आता जे वर येतच नाही त्याविषयी. निरीक्षण बहुधा दोर ओढताना केले जाते, आणि त्यामुळे मोठी हानी नजरेआड राहते. पक्षी दोर सोडताना मरतात. बुडणारे आमिष पकडायला झेप घेतात, गळाला अडकतात आणि खाली ओढले जातात. पुढच्या काही तासांत मासे त्यांना खातात किंवा ते गळावरून सुटतात. नायजेल ब्रदर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोर सोडताना 176 पक्षी अडकलेले पाहिले गेले, आणि ओढताना त्यांपैकी फक्त 85 हाती लागले. म्हणजे केवळ ओढणीच्या नोंदींवर अंदाज बांधला तर निम्म्याहून अधिक मृत्यू हिशेबाबाहेर राहतात. याच ब्रदर्स यांनी टास्मानियाजवळच्या जपानी ट्यूना जहाजांवरील निरीक्षणावरून 1991 मध्ये दक्षिण महासागरात वर्षाला सुमारे 44,000 अल्बाट्रॉस (मोठे समुद्रपक्षी) मरत असल्याचा अंदाज मांडला होता, आणि तिथूनच हा प्रश्न आंतरराष्ट्रीय बैठकांत पोहोचला. जिथे पक्ष्यांचा प्रश्न आहे त्या अक्षांशांवर निरीक्षकाच्या वेळापत्रकात दोर सोडण्याच्या वेळेचा काही भाग राखलेला असलाच पाहिजे. मागे फिरणारे पक्षी किती आणि कोणत्या जातीचे, आमिषावर झेपा किती, आणि पक्ष्यांना दूर ठेवणारा झालरीचा दोर त्या क्षणी आमिषाच्या वर होता की वाऱ्याने बाजूला गेला होता, हे तेव्हाच दिसते. या झालर-दोरापुढे नुसते 'होता' लिहिणे अपुरे आहे. तो जहाजावर किती उंचीवर बांधला, पाण्याच्या वर किती मीटर अंतरापर्यंत राहिला, तुटला असल्यास किती वाजता तुटला आणि परत केव्हा लावला, हे लिहावे. उपदोराच्या वजनाबाबत अल्बाट्रॉस व पेट्रेल संरक्षण कराराच्या शिफारशी नेमक्या आहेत: गळापासून अर्ध्या मीटरच्या आत किमान 40 ग्रॅम, एक मीटरच्या आत 60 ग्रॅम, किंवा दोन मीटरच्या आत 80 ग्रॅम. त्यामुळे वजन आणि गळापासूनचे अंतर ही दोन्ही मापे घेतली नाहीत तर नियम पाळला की नाही हेच ठरवता येत नाही.

मुशींच्या बाबतीत हीच अडचण वेगळ्या रूपात येते. गळाजवळचा शेवटचा तुकडा तारेचा असेल तर मुशी वर येते, नायलॉनचा असेल तर ती अनेकदा दोर चावून निघून जाते. तिथल्या ट्यूना मासेमारीचे नियम ठरवणाऱ्या पश्चिम व मध्य प्रशांत आयोगाने 2024 पासून 20 अंश उत्तर ते 20 अंश दक्षिण या पट्ट्यात तारेच्या तुकड्यांवर बंदी घातली, आणि माझ्या मते ते योग्यच झाले. पण या बदलानंतर नोंदींतल्या मुशी घटतील तेव्हा त्यांतल्या किती खरोखर वाचल्या आणि किती तोंडात गळ घेऊन गेल्या, हे कसे कळणार? त्यासाठी चावून तुटलेल्या उपदोरांची मोजणी लागते. खलाशी तुटके उपदोर बाजूच्या टोपलीत टाकतात आणि सेट संपल्यावर दुरुस्त करतात. ओढणी संपली की ती टोपली मोजायची आणि टोके पाहायची. दातांनी तुटलेले टोक खरबरीत, विस्कटलेले असते, सुरीने कापलेले सरळ असते, आणि गाठ सुटलेली असेल तर तिथे कुरळा माग राहतो. हे काम पाच-दहा मिनिटांचे आहे, पण त्याचा रकाना अनेक तक्त्यांत नाही. तो नसेल तर शेऱ्यात लिहावे. सरळ झालेले, ताणलेले गळही तसेच मोजावेत. हवाईच्या खोल मासेमारीत फॉल्स किलर व्हेल (डॉल्फिनच्या कुळातला प्राणी) निसटावा म्हणून 4.5 मिलिमीटरपेक्षा जाड नसलेल्या तारेचे, वाकू शकणारे गळ आणि किमान 2 मिलिमीटर जाडीचा उपदोर असा नियम आहे. तो उपाय काम करतो की नाही, हे वाकलेल्या गळांवरूनच समजू लागते.

यानंतरचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो चुकला तर वरचे सगळे कष्ट वाया जातात. बायकॅचचा दर म्हणजे प्राण्यांची संख्या भागिले पाहिलेले गळ. इथे 'पाहिलेले' याचा अर्थ निरीक्षक कठड्याजवळ उभा राहून बघत असताना वर आलेले गळ, असाच घ्यायचा. बारा तासांच्या ओढणीत कोणीही माणूस सलग उभा राहू शकत नाही. त्याने जेवावे, झोपावे, माशांची मापे घ्यावीत, हे रास्तच आहे. पण विश्रांतीच्या वेळा लिहिलेल्या नसतील तर संपूर्ण सेट पाहिला असे गृहीत धरले जाते. समजा 2,400 गळांच्या सेटमध्ये 1,600 गळ पाहिले आणि दोन मुशी दिसल्या. खरा दर हजार गळांमागे 1.25 आहे, भागाकारात 2,400 घेतले तर तो 0.83 होतो. तिसरा हिस्सा असाच नाहीसा होतो. म्हणून निरीक्षण सुरू झाल्याची आणि थांबल्याची वेळ, तसेच त्या दरम्यान आलेल्या बोयांची संख्या नोंदवावी. आपण नसताना खलाश्यांनी एखादे कासव सोडले असे नंतर सांगितले तर तेही लिहावे, पण 'खलाश्यांकडून कळले' अशा वेगळ्या संकेताने, म्हणजे ते दराच्या हिशेबात मिसळणार नाही. विश्रांतीची वेळ रोज एकच ठेवू नये. तशी ठेवली तर दोराचा एक ठरावीक भाग, बहुधा पहाटेचा, कायमचा न पाहिलेला राहतो.

शून्य आणि रिकामा रकाना यांतला फरकही इथलाच आहे. शून्य म्हणजे पाहिले आणि काही आढळले नाही. रिकामा रकाना म्हणजे पाहिले नाही, पाहायचे राहिले, किंवा लिहायचे राहिले, यांपैकी काहीही असू शकते. नोंदी तपासताना निम्मा वेळ या रिकाम्या रकान्यांचा अर्थ लावण्यात जातो, आणि फेरीला काही आठवडे लोटले असतील तर निरीक्षकालाही ते आठवत नाही. वेळेच्या बाबतीत तर माझा आग्रह असतो, की सगळ्या नोंदी जागतिक प्रमाणवेळेत असाव्यात आणि जहाजाच्या घड्याळातला फरक पहिल्या पानावर लिहावा. दोर रात्री सोडला की पहाटे, हे पक्ष्यांच्या दृष्टीने निर्णायक असते, आणि जहाजावर घड्याळ मध्येच बदलले गेल्यामुळे रात्रीचा सेट कागदावर दिवसाचा झालेला मी पाहिला आहे.

सोडलेल्या प्राण्याचे पुढे काय होईल हे निरीक्षकाला दिसत नाही, पण त्याचा अंदाज त्याच्या नोंदींवरच बांधला जातो. प्रशांत महासागरातील तक्त्यांत जिवंत व निरोगी, जखमी, मरणासन्न आणि मृत असे स्थितीचे संकेत आहेत. ते दोनदा भरायचे असतात, प्राणी जहाजाजवळ आला तेव्हा आणि सोडला तेव्हा. दोन्ही ठिकाणी एकच संकेत आपोआप लिहिण्याची सवय घातक आहे, कारण या दोन क्षणांमधले नुकसान हाताळणीमुळे होते आणि तेच सर्वांत लवकर सुधारता येते. गळ ओठाला, जबड्याला, घशात की शरीराच्या बाहेर अडकला, दोरात गुंतणे होते का, गळ काढला की तसाच राहिला, आणि प्राण्याबरोबर किती मीटर दोर गेला, हे लिहावे. मागे राहिलेला लांब दोर मुशीच्या आणि कासवाच्या जगण्याची शक्यता कमी करतो. म्हणून 'दोर कापून सोडला' या वाक्याला मीटरचा आकडा जोडल्याशिवाय ते पूर्ण होत नाही. अंधारात अंतराचा अंदाज चुकतो, तेव्हा कठड्याच्या बाहेरच्या बाजूला अर्ध्या-अर्ध्या मीटरवर रंगाच्या खुणा करून घ्याव्यात. कप्तान त्याला सहसा हरकत घेत नाहीत.

प्रजातीची ओळख पटली नाही तर वरच्या पातळीवर थांबण्यात कमीपणा नाही. थ्रेशर मुशीच्या तिन्ही प्रजाती किंवा दोन्ही माको मुशी पाण्यात असताना ओळखणे अनुभवी माणसालाही अवघड जाते. ओळख न पटता ठोकून लिहिलेले नाव 'थ्रेशर, प्रजाती अनिश्चित' या नोंदीपेक्षा जास्त नुकसान करते, कारण ते खरे समजून पुढे वापरले जाते. छायाचित्रे मात्र भरपूर घ्यावीत: मुशीचे डोके, पर आणि पोटाची बाजू, पक्ष्याची चोच आणि पंखांची खालची बाजू, कासवाच्या पाठीवरचे खवले. प्रत्येक चित्रात सेटचा आणि प्राण्याचा क्रमांक लिहिलेली पाटी ठेवावी, नाहीतर बंदरावर पोहोचल्यावर चित्रे आणि नोंदी जुळत नाहीत.

आता निरीक्षकाच्या हाताबाहेरची, पण त्याने समजून घ्यायला हवी अशी गोष्ट. प्रशांत आयोगाने 2012 पासून लांब दोराच्या जहाजांसाठी किमान 5 टक्के निरीक्षण बंधनकारक केले आहे, आणि हिंदी महासागर ट्यूना आयोगाचेही किमान प्रमाण 5 टक्केच आहे. दुर्मिळ घटनांसाठी हे फार अपुरे आहे. गणित असे: एखाद्या ताफ्याने 1,000 सेट केले, आणि शंभरातल्या एका सेटमध्ये अल्बाट्रॉस लागतो असे धरले, तर 50 सेट पाहणाऱ्या कार्यक्रमाला एकही अल्बाट्रॉस न दिसण्याची शक्यता सुमारे 60 टक्के आहे. 200 सेट पाहिले तर ती सुमारे 13 टक्क्यांवर येते. 'निरीक्षणात एकही पक्षी आढळला नाही' हे वाक्य या ताफ्याच्या अहवालात बहुतेक वर्षी खरे असेल, आणि दिशाभूल करणारेही. शिवाय 5 टक्के कशाचे, फेऱ्यांचे, दिवसांचे की गळांचे, हे वेगवेगळे देश वेगळे मोजतात, आणि ज्या जहाजांवर निरीक्षकाला सोयीने झोपायला जागा मिळते तीच जहाजे पुन्हा पुन्हा निवडली जातात. निवड यादृच्छिक असावी आणि ती जहाजाच्या मालकाच्या हाती नसावी, हा बदल कार्यक्रम चालवणाऱ्यांनी करायचा आहे. निरीक्षकाने आपल्या अहवालात एवढे जरूर लिहावे, की निरीक्षक असल्यामुळे जहाजाने मार्ग, गळ किंवा वेळ बदलली असे खलाश्यांच्या बोलण्यातून जाणवले का.

कॅमेऱ्यांनी ही उणीव काही अंशी भरून निघते. ऑस्ट्रेलियाने 2015 च्या जुलैपासून आपल्या पूर्व किनाऱ्याच्या ट्यूना जहाजांवर कॅमेरे बंधनकारक केले, आणि चित्रणाचा काही भागच तपासला जात असला तरी जहाजांच्या स्वतःच्या नोंदवह्यांत फेकलेल्या माशांची आणि संरक्षित प्राण्यांची नोंद वाढली. कोणीतरी पाहू शकते एवढ्यानेच लिहिणे सुधारले. गळांची मोजणी, वेळा, आणि डेकवर आलेल्या प्राण्यांची संख्या कॅमेरा न थकता टिपतो. पण घशात अडकलेला गळ, उपदोराच्या वजनाचे अंतर, पाण्यातच कापून सोडलेल्या मुशीची जात आणि आमिषाची अवस्था त्याला नीट दिसत नाही. जिथे दोन्ही उपलब्ध आहेत तिथे निरीक्षकाने मोजणीचे काम कॅमेऱ्यावर सोपवून आपला वेळ मोजमाप, नमुने आणि दोर सोडण्याच्या निरीक्षणाला द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

नोंदीची गुणवत्ता शेवटी माणसाच्या सुरक्षिततेवरही अवलंबून असते. जो निरीक्षक किनाऱ्यापासून हजार मैलांवर एकटा आहे, ज्याला कप्तानाच्या मर्जीवर जेवण आणि फोन मिळतो, त्याच्याकडून नियमभंगाच्या निर्भीड नोंदीची अपेक्षा ठेवताना त्याला संरक्षण देणे हे कार्यक्रमाचे ऋण आहे. प्रशांत महासागरात निरीक्षक बेपत्ता झाल्याच्या आणि मरण पावल्याच्या घटना घडल्या आहेत, आणि आयोगाने 2016 मध्ये निरीक्षकांच्या सुरक्षेसाठी स्वतंत्र उपाय स्वीकारला. स्वतःच्या ताब्यातले उपग्रह संपर्कयंत्र असल्याशिवाय जहाजावर चढू नये. परतल्यावर नोंदींची तोंडी तपासणी काही दिवसांच्या आतच व्हावी, आणि ती करणाऱ्याने स्वतः समुद्रावर काम केलेले असावे; कार्यालयात बसून रकाने मोजणाऱ्याला तुटक्या उपदोराचा प्रश्न विचारायचे सुचत नाही.

आपल्या किनाऱ्याकडे येताना चित्र बदलते. भारत हिंदी महासागर ट्यूना आयोगाचा सदस्य आहे, पण आयोगाची निरीक्षण योजना मुख्यतः 24 मीटर किंवा त्याहून लांब जहाजांना, आणि त्याहून लहान असल्यास आपल्या आर्थिक क्षेत्राबाहेर मासेमारी करणाऱ्यांना लागू होते. आपल्याकडच्या बहुतेक बोटी लहान आहेत. तमिळनाडूतील थुथूरचे मच्छीमार लहान बोटींतून आठवडेच्या आठवडे अरबी समुद्रात गळाची मासेमारी करतात. अशा बोटीवर आणखी एका माणसाला झोपायला जागा नसते. तिथे पूर्ण तक्ता घेऊन निरीक्षक चढवण्याचा हट्ट धरण्यापेक्षा खलाश्यांपैकीच एकाला प्रशिक्षण देणे व्यवहार्य आहे. पाकिस्तानातील ट्यूना जाळ्यांच्या बोटींवर डब्ल्यूडब्ल्यूएफ या निसर्गसंरक्षण संस्थेने हे करून दाखवले आहे. महाराष्ट्रात 2018 च्या अखेरीस सुरू झालेली योजनाही इथे मार्गदर्शक ठरते: संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळे कापावे लागले तर छायाचित्राच्या पुराव्यावर 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्या छायाचित्रांसोबत जागा, वेळ, जाळ्याचा किंवा गळाचा प्रकार आणि त्या दिवशी टाकलेल्या गळांची संख्या एवढे चार तपशील मागवले, तर भरपाईच्या अर्जांतून उपयोगी माहितीसाठा तयार होऊ शकेल. भरपाई नाकारण्यासाठी मात्र हे तपशील कधीही वापरले जाऊ नयेत, नाहीतर पहिल्याच हंगामात अर्ज यायचे बंद होतील.

आकड्यांची तुलना करताना एक खबरदारी घ्यावी. मुंबईत मुख्यालय असलेले भारतीय मत्स्य सर्वेक्षण आपल्या लांब दोराच्या सर्वेक्षणांत दर 100 गळांमागे मिळालेले मासे सांगते, तर बायकॅचच्या आंतरराष्ट्रीय नोंदी बहुधा दर 1,000 गळांमागे असतात. मार्मागोव्याहून निघालेल्या सर्वेक्षणाची मुशींची संख्या प्रशांत महासागराशी ताडून पाहताना हा दहापटीचा फरक आधी दुरुस्त करावा लागतो.

पहिल्या फेरीला निघण्यापूर्वी आणखी एक करावे: त्या भागाच्या नोंदींवर काम करणाऱ्या विश्लेषकाला गाठून, मागच्या वर्षी कोणते रकाने रिकामे आल्यामुळे काय ठरवता आले नाही, हे त्याच्याकडून ऐकून घ्यावे. सगळेच रकाने सारख्या ताकदीने भरणे शक्य नसते. समुद्र खवळलेला असतो, माशांचा ढीग पडतो, हात दोनच असतात. अशा वेळी ट्यूनाच्या लांबीची मापे कमी झाली तरी चालतील, पण पाहिलेल्या गळांची संख्या, गळाचा क्रमांक, गळ कुठे अडकला ते, आणि सोबत गेलेल्या दोराची लांबी या चार नोंदी सुटू देऊ नयेत. आणि फेरी संपताना, कार्यक्रमाच्या नियमांत बसत असेल तर, त्या जहाजाचे आकडे एका पानावर काढून कप्तानासमोर ठेवावेत: कोणत्या गळांना किती मुशी लागल्या, त्यांत किती उपदोर आणि किती आमिष गेले. मुशीमुळे त्याचे होणारे नुकसान त्यालाही टाळायचेच असते, आणि बोयाजवळचे दोन गळ काढून पाहण्याचा विचार मी अशाच पानावरून सुरू झालेला पाहिला आहे.